तीन मिनिटांनंतरचं

३ मार्च, सोमवार

आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं, स्वतःचं कधी नाही. आज वही काढली, कारण सकाळी फोनवर खोटं बोलले आणि दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

फोन नादेजचा होता. ईव्हरोजची मुलगी, नर्स आहे. ईव्हरोजला महिन्यापूर्वी स्ट्रोक आला हे मला लायब्ररीत कळलं होतं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं.

नादेज म्हणाली, "मिसेस के., मॉमच्या कविता कुठेच नाहीत. तिने एकही लिहून ठेवलेली नाही. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये म्हणायची तेव्हा तुम्ही समोर बसलेल्या असायचात. तुमच्याकडे काही आहे का?"

मी म्हटलं, "मंजूर झालेली मिनिट्स टाउन हॉलमध्ये आहेत. अर्ज केला की मिळतात."

"ती पाहिली. त्यात फक्त 'कविता म्हटली' एवढंच आहे."

"मग तेवढंच आहे."

बेसमेंटमध्ये, गणपतीच्या मखराच्या खोक्याखाली, अकरा वह्या आहेत.


४ मार्च, मंगळवार

सगळं रीतसर लिहून काढते, म्हणजे मलाच नीट दिसेल.

मी अमेरिकेतल्या या गावाच्या क्लार्क ऑफिसात सव्वीस वर्षं होते. कौन्सिलच्या सभेचा वृत्तांत, म्हणजे मिनिट्स, लिहिणं माझं काम. नागपूरला बी. ए. करताना बाबांनी बळेच शॉर्टहँडच्या क्लासला घातलं होतं, त्यावर इथली नोकरी मिळाली. नियम असा की मिनिट्स मंजूर झाली की कच्च्या वह्या फाडायच्या आणि टेप पुसायच्या. टेप मीच पुसल्या. एकूण एक. वह्याही फाडल्या, फक्त या अकरा सोडून. त्या डब्याच्या पिशवीतून घरी आणल्या. तेव्हा स्वतःला सांगितलं होतं की कागद फाडायचा श्रेडर अडकलाय. श्रेडर ठणठणीत होता.

मोहनला आज सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाला, "म्हणजे सरकारी माल लंपास. आणि मला टॅक्सच्या फॉर्मवर पेन्सिलने लिहिलं म्हणून बोलायचीस."

"चेष्टा नको."

"चेष्टा कुठे. चाळीस वर्षं चोराच्या हातचं जेवतोय, तब्येत उत्तम आहे."

ईव्हरोज (यापुढे ई.) हिचे आईवडील हैतीहून आलेले. वडील टॅक्सी चालवत, आई नर्सिंग होममध्ये चादरी बदलायची. ई.चा जन्म इथला. शाळेच्या बसगाड्यांच्या कंट्रोल रूममध्ये ती काम करायची, वायरलेसवर ड्रायव्हरांना रस्ते सांगायची. दर दुसऱ्या मंगळवारी कौन्सिलची सभा, आणि सभेच्या शेवटी नागरिकांना बोलायला वेळ: माइकवर यायचं, नाव आणि पत्ता सांगायचा, तीन मिनिटं बोलायचं. तीन मिनिटं झाली की बेल, आणि माइक बंद.

बेल माझ्या टेबलावर असायची. वाजवायचे मी.


७ मार्च, शुक्रवार

वह्या वर आणल्या. जिन्यावर दोनदा बसले. गुडघे.

इंग्रजी सगळं शॉर्टहँडमध्ये आहे. ई. मात्र मध्येच क्रेयोलमध्ये शिरायची, हैतीच्या लोकांच्या भाषेत. आणि कविता तर सगळी क्रेयोलमध्येच. त्या वेळी हॉलमध्ये दुभाषा नव्हता. मिनिट्समध्ये "वक्त्या इंग्रजीव्यतिरिक्त भाषेत बोलल्या" एवढं लिहिलं तरी पुरे होतं. पण कोणी बोलत असताना माझा हात रिकामा राहत नाही. शॉर्टहँड तिथे कामाचं नव्हतं, म्हणून कानावर पडेल तसं देवनागरीत उतरवत गेले. अर्थ एका शब्दाचा माहीत नाही.

सुरुवात नेहमी सारखी. ती माइकवर येऊन विचारायची, "क्रिक?" मागच्या बाकांवरचे तिचे लोक एका आवाजात म्हणायचे, "क्राक." त्यांच्याकडे गोष्ट सांगायची तशी पद्धत आहे, ऐकणाऱ्यांनी आधी हुंकार द्यायचा. अध्यक्षांना ते आवडायचं नाही. मलाही नाही. सभेची शिस्त असते.

दिवसभर बसून शोधल्या. सात कविता आहेत. अक्षर स्वच्छ. आणि सातही कवितांखाली आडवी रेघ.

ती रेघ माझी पद्धत. बेल वाजवली की वहीत रेघ मारायची, रेघेखाली काही लिहायचं नाही. वेळ संपल्यावर बोललेलं रेकॉर्डवर येत नाही. ती मात्र थांबायची नाही. माइकशिवाय, तशीच उभी राहून, संपेपर्यंत म्हणायची. मला ऐकू येत होतं. मी पान उलटून पुढच्या माणसाचं नाव पुकारत असायचे.

सात कविता आहेत आणि एकीलाही शेवट नाही.


९ मार्च, रविवार

निखिलचा फ्रीमाँटहून फोन. त्याला सांगितलं. "आई, जस्ट स्कॅन कर ना. ॲप आहे, इट विल ट्रान्सलेट."

"ॲपला मराठी अक्षरातली हैतीची भाषा वाचता येते?"

तो हसला. "ओके, दॅट इज अ व्हेरी यू प्रॉब्लेम. फक्त तुलाच येऊ शकतो असा."

दुपारी नादेजला फोन लावला. वह्या आहेत म्हणून सांगितलं. शेवट नाहीत हेही सांगितलं, आणि का नाहीत तेही.

ती म्हणाली, "सोमवारी तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"का?"

"वह्या माझ्याकडे असायला नको होत्या. आणि त्या उघडल्यावर काय दिसेल ते मला ठाऊक होतं."

मग नर्सच्या आवाजात म्हणाली, "बुधवारी चार वाजता या. मॉमसाठी गोड काही आणू नका."


१२ मार्च, बुधवार

औषधांच्या दुकानावरचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. ई. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत. पूर्वी माइक वर ओढावा लागे इतकी उंच बाई, आता खांद्यावर शाल, चेहरा एका बाजूने उतरलेला. डोळे तेच. मला पाहून भुवई वर. एकच भुवई वर जाते आता.

नादेजने वह्यांचं सांगितलं. ई.ने माझ्याकडे पाहिलं, मग तोंड खिडकीकडे फिरवलं. तशीच बसली.

मला कारण माहीत होतं. एकदा टाउन हॉलच्या पायऱ्यांवर मी तिला म्हटलं होतं, टाइप केलेली प्रत देत जा, रेकॉर्डला लावता येईल. ती म्हणाली, "कागदावर गेलं की ते टाउनचं झालं, मिसेस के. तोंडात आहे तोवर आमचं."

हे ऐकूनही मी पुढच्या सभेत लिहिलंच.

आज मी म्हटलं, "मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तुम्ही म्हणाल तर वह्या इथेच तुमच्या समोर फाडते."

नादेज मध्ये बोलणार होती, मी हात केला. खाली बस दोनदा थांबून गेली. मग ई.चा डावा हात शालीतून बाहेर आला आणि वहीकडे बोट झालं.

वाचलं. जसं लिहिलंय तसं, र्‍हस्व-दीर्घासकट. पहिल्या दोन ओळींतच नादेजने तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही अगदी माझ्या आजीसारखं बोलताय. फक्त आजीला अर्थ कळायचा."

ई. डोळे मिटून ऐकत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी रेघेपर्यंत आले आणि थांबले.

तिने डोळे उघडले. समोरच्या ट्रेमधला चमचा डाव्या हातात घेतला आणि पाण्याच्या ग्लासवर एकदा वाजवला. टिंग. मग माझ्याकडे बघत राहिली.

नादेज हसली. मला हसू आलं नाही.


१६ मार्च, रविवार

ई.बद्दल माझं तेव्हाचं मत लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर आता मी स्वतःला चांगलं दाखवीन.

मला ती बेशिस्त वाटायची. बाकीचे लोक तक्रार आणायचे, रस्ता, दिवा, कचरा, आणि तीन मिनिटांत सांगून बसायचे. ही कविता आणायची. मला वाटे, काम करून घ्यायचं तर मुद्द्याचं बोलावं. आपणही बाहेरून आलो, आपण नाही का इथल्या रीतीने वागलो. हे मी मोहनला जेवताना म्हटलंय, एकदा नाही, अनेकदा.

मग ती निवडून आली. कौन्सिलवर दोन टर्म. पहिल्याच सभेत ठराव मांडला: हॉलमध्ये दुभाषा. मंजूर. नंतर हिवाळ्यात भाड्याच्या घरांमधल्या हीटिंगची दर महिन्याला तपासणी. दोनदा पडला, तिसऱ्यांदा मंजूर. नागरिकांना तीनऐवजी पाच मिनिटं. मंजूर. टिपणं मुद्देसूद, एकही शब्द जास्त नाही, माझं काम सोपं करणारी. कविता मात्र पुन्हा सभेत म्हटली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "आता माझी वेळ माझी नाही."

मी रिटायर झाले तेव्हा ऑफिसने केक आणला. ई.ने माझ्या टेबलावरची बेल उचलली, रिबन बांधली आणि माझ्या हातात दिली. "ही घरी न्या, मिसेस के. आणि मिस्टर के. बोलायला लागले की वापरा." सगळे हसले. मोहन अजून सांगतो.

ती बेल फडताळात आहे.


१९ मार्च, बुधवार

दुसरी खेप. आज हीटिंगची कविता. नादेज शेजारी बसून ओळीओळीचा अर्थ सांगत होती.

शोफाज ला मूरी, नू पा मूरी.
हीटर मेला, आम्ही नाही मेलो.

फू आ लूव्री, से सोले नू.
ओव्हनचं दार उघडं, तोच आमचा सूर्य.

ही ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली होती. जानेवारीतली सभा. जुन्या गिरणीमागची विटांची इमारत, मालक दाद देत नव्हता, लोक ओव्हन उघडा ठेवून त्याच्यासमोर मुलांना झोपवत होते. कवितेत सगळं होतं. कितव्या दिवशी पाणी गोठलं, कोणत्या मजल्यावरचं बाळ. मुद्द्याचं बोलावं असं मला वाटत होतं. ती मुद्द्याचंच बोलत होती.

मिनिट्समध्ये मी काय लिहिलं ते आठवेना. फक्त विषय लिहिला असणार.

रेघेशी आल्यावर ई.ने चमचा उचलला नाही. डावा हात वर केला. एक बोट. मग दरवाज्याकडे खूण. मग दोन बोटं, पुन्हा दरवाजा. तीन. माझ्याकडे बघून छातीवर हात. आम्हाला कळेना. ती पुन्हा पहिल्यापासून करायला लागली, मग हात मांडीवर पडला. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

नादेज म्हणाली, "थकलीय. आज पुरे."


२५ मार्च, मंगळवार

टाउन हॉलला गेले. काउंटरवर नवीन मुलगी. मी त्या जानेवारीची मिनिट्स मागितली.

"मॅम, फॉर्म भरावा लागेल."

भरला. फॉर्म मीच तयार केलेला आहे, अजून तोच चालू आहे. सातव्या रकान्यात चूक होती ती तशीच आहे.

वीस मिनिटांनी जुन्या वृत्तांतांचा बाइंडर आला. तिथेच उभ्याने वाचलं:

"श्रीमती ईव्हरोज हीटिंगविषयी बोलल्या. कविता म्हटली. वेळ संपल्याची सूचना देण्यात आली. मागील बाकांवरील नागरिकांनी आरडाओरडा केला. अध्यक्षांनी शांततेचं आवाहन केलं. सभा दहा मिनिटं तहकूब."

खाली माझी सही.

आरडाओरडा. मला आवाज आठवतो, पण एकावर एक पडलेला नव्हता. एकेकाचा होता. एक माणूस, मग दुसरा, मग बाई. आरडाओरडा असा होत नाही.

बाइंडर परत केला. मुलगी म्हणाली, "हवं ते मिळालं?" म्हटलं, हो.


२८ मार्च, शुक्रवार

मादाम ओडेट. मेन स्ट्रीटवर कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान. गिरणीमागच्या त्या विटांच्या इमारतीत ती सोळा वर्षं राहिली आणि मागच्या बाकावर कायम असायची. मोहनच्या दोन पँट घेऊन गेले, नुसतं जायला बरं वाटेना.

टाचण्या लावता लावता म्हणाली, "कितीने कमी?"

"एक इंच. मादाम, एक विचारायचंय. त्या जानेवारीत, ईव्हरोजच्या कवितेनंतर, तुम्ही लोक ओरडलात..."

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ओरडलो?"

"मिनिट्समध्ये तसं आहे."

"कोणी लिहिलं?"

"मी."

तिने पँट बाजूला ठेवली. "आम्ही हजेरी दिली, मादाम. तो कवितेचा शेवट होता. ईव्हरोज दाराचा नंबर म्हणायची, मग नाव. ज्याचं नाव त्याने उभं राहून म्हणायचं, प्रेझां. हजर. शाळेत म्हणतात तसं. पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत. आदल्या रविवारी चर्चच्या बेसमेंटमध्ये आम्ही बसवून घेतलं होतं. माझा नंबर नऊ. मी घरून नवीन स्कार्फ घालून आले होते."

मी विचारलं, "आणि शेवटचं दार?"

"शेवटचं दार मिस्ये क्लोव्हिसचं. तो नव्हता. त्या आठवड्यात थंडीने गेला होता, दार फोडून काढला. त्याचं नाव आलं तेव्हा आम्ही सगळे मिळून म्हटलं, प्रेझां. आणि तुम्ही बेल वाजवत होता." तिने पुन्हा पँट उचलली. "चार वेळा. मी मोजली होती."

पँट मंगळवारी मिळतील.


३० मार्च, रविवार

चार वेळा.

मोहनला सांगितलं. आज चेष्टा केली नाही. म्हणाला, "तुला नियम होता ना."

म्हटलं, "नियम होता. कानही होते."


६ एप्रिल, रविवार

नादेजला ओडेटचं सांगितलं. ती ई.ला सांगायला आत गेली. परत आली ती दारातच उभी राहिली. "मॉमने माझा हात इतका दाबला की..." बोटं अजून चोळत होती.

म्हणजे एक बोट, दरवाजा. दोन बोटं, दरवाजा. दारांचे नंबर दाखवत होती ती, आणि छातीवर हात म्हणजे प्रेझां.

ठरलं असं: पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये लोकांना बोलवायचं. मी वह्यांतून वाचणार. बेलनंतरचं ज्यांना आठवतं त्यांनी सांगायचं, मी लिहून घेणार.

संध्याकाळी नादेजचा फोन. "मिसेस के., लोक विचारताहेत, लिहून घेणार म्हणजे नावंही लिहिणार का. हल्ली कुणाला कागदावर नाव नकोय. ज्यांचे इथे राहायचे कागद पक्के आहेत त्यांनाही."

सव्वीस वर्षं मी माइकवर आलेल्या प्रत्येकाला म्हटलं, नाव आणि पत्ता, रेकॉर्डसाठी. ज्याने सांगितला नाही त्याला परत पाठवलं. एकदा एक बाई पत्ता सांगताना रडली होती. तिलाही.

नादेजला म्हटलं, "कुणाचंही नाव विचारणार नाही. दारावर वही ठेवू नका. फोटो नको."


१३ एप्रिल, रविवार

आज लवकर लिहायला बसले, विसरायच्या आत.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. सगळ्यांच्या हातात ताडाची पातळ पानं, बायका बोलता बोलता त्यांचे क्रूस विणत होत्या. नादेजने साठ खुर्च्या मांडल्या होत्या. निम्म्याहून कमी भरल्या. दाराजवळचे लोक उभेच राहिले, कोट न काढता. मोहन माझ्याबरोबर आला होता, त्याला कॉफीच्या भांड्याशी उभं केलं.

ई. पुढे, खुर्चीत. निळा ड्रेस, कौन्सिलच्या सभेला घालायची तोच.

मी पहिल्यांदा एक छोटी कविता घेतली, शाळेच्या बसवरची. "क्रिक" मी म्हणावं की नाही कळेना. तो काही माझा हक्क नाही. ई.कडे पाहिलं. तिने मान हलवली. म्हटलं. मागून "क्राक" आलं, हसण्यासकट.

रेघेशी आले. थांबले. दोन वयस्क बायकांनी शेवट सांगितला, दोघींनी वेगवेगळा. "बस वळते आणि पोर झोपतं." "झोपत नाही, ओरिलिया, पोर उतरतं. मी तिथे होते." "तू तिथे होतीस पण तू पण झोपली होतीस." ई. हसली. आवाज नाही, अर्धा चेहरा, पण खांदे हलले. मी दोन्ही शेवट लिहून घेतले.

मग हीटिंगची.

मी वाचत गेले तसा हॉल गप्प होत गेला. आता मला अर्थ ठाऊक होता, त्यामुळे वाचणं अवघड झालं. फू आ लूव्री, से सोले नू. एका म्हाताऱ्या माणसाने टोपी काढली. रेघेशी आले. पुढे पान कोरं.

ई.ने डावा हात उचलला. एक बोट.

ओडेट उठली, पहिलं दार म्हणाली आणि नाव घेतलं. कोणी बोललं नाही. नंतर कळलं, ते कुटुंब केव्हाच फ्लोरिडाला गेलं. दुसरं बोट. दुसरं नाव. शांतता. तिसरं. मला वाटलं, संपलं. लोक पायांकडे बघत होते. दाराशी कोट घालून उभी असलेली माणसं बाहेर जायच्या बेतात वाटली.

चौथ्या नावाला मागून आलं, "प्रेझां."

माझा हात पेनकडे गेला. सवयच ती. पेन उचललं, आणि खाली ठेवलं. मान वळवून कोण बोललं ते पाहिलं नाही. टेबलाकडेच बघत राहिले.

पाचवं. "प्रेझां." मुलीचा आवाज, तरुण. तिच्या आईचं नाव असावं. सहावं रिकामं. सातव्याला दाराजवळून आलं, हळू. नवव्याला ओडेट स्वतःचं नाव घेऊन स्वतःच म्हणाली. किती दारं झाली मी मोजली नाहीत.

शेवटचं दार. मिस्ये क्लोव्हिस.

सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. कॉफीपाशी मोहननेही म्हटलं.

ई.चे ओठ हलले. आवाज आला की नाही यावर निघताना नादेजचं आणि माझं एकमत झालं नाही. ती म्हणते आला. मला खात्री नाही, म्हणून तसं लिहीत नाही.


१५ एप्रिल, मंगळवार

ओडेटच्या दुकानात बैठक. नादेज, ओडेट, आणि रविवारी दाराशी उभे असलेले एक गृहस्थ. नाव विचारलं नाही.

प्रश्न: नादेजला छोटं पुस्तक करायचंय. हजेरी त्यात छापायची की नाही.

ओडेट: "छापा. नंबर नऊ, माझं नाव, मोठ्या अक्षरात. आम्ही इथे होतो हे दिसू दे."

गृहस्थ: "ओडेट, तू सिटिझन आहेस. तुझं नाव छाप, पोस्टर कर. नंबर सात छापला तर माझी बायको रात्री झोपणार नाही."

ओडेट: "तू रविवारी बोललास ना."

"बोललो. बोललेलं हवेत जातं."

ई. म्हणायची तेच हे. तोंडात आहे तोवर आमचं. आणि तीच ई. वहीकडे बोट करते. मी काही सुचवलं नाही. मत विचारलं तेव्हा म्हटलं, कवितेची मालकीण जिवंत आहे, तिला विचारा.

नादेज म्हणाली, "विचारलं. दोनदा. मॉम कोऱ्या पानावर बोट ठेवते आणि काढत नाही. लिहा म्हणते की असंच राहू दे म्हणते, मला कळत नाही."

मोहनच्या पँट एक इंचाऐवजी दीड इंच झाल्यात. ओडेट म्हणाली, ती बेलची भरपाई.


१९ एप्रिल, शनिवार

आज दुपारी दोन वाजता ई.च्या घरी सुपूर्द केलं. सुपूर्द करणारी मी, घेणारी नादेज, समोर ई. आणि मोहन.

वह्या अकरा, मूळ. त्यात सात कवितांच्या जागी खुणेच्या पट्ट्या.

सातही कविता मी नवीन वहीत स्वच्छ उतरवल्या आहेत. डाव्या पानावर देवनागरी, उजव्या पानावर नादेजने क्रेयोल लिहायचं. प्रत्येक रेघेखाली तीन पानं कोरी. बसच्या कवितेला दोन शेवट, दोन्ही लिहिले आहेत. पाच कवितांचे शेवट मिळालेले नाहीत. ज्यांना आठवत असतील ते लोक या गावात उरले आहेत की नाही माहीत नाही.

हीटिंगची कविता: रेघेपर्यंत पूर्ण. रेघेखाली मी एवढंच लिहिलं आहे: शेवट १३ एप्रिल रोजी म्हटला गेला. हजर असलेल्यांनी ऐकला.

मिनिट्समधल्या "आरडाओरडा" या शब्दासाठी टाउन हॉलला दुरुस्तीचा अर्ज केला आहे. पोच मिळाली. निर्णय नाही.

बेल एक, पितळी, रिबनसकट. ती ई.च्या हातात दिली. तिने वाजवली नाही. उलटी करून मांडीवर ठेवली, नवीन वही उघडली, रेघेखालच्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "लिहू?"

बोट तिथेच होतं.

"राहू दे?"

बोट तिथेच.

पेन टेबलावर, तिच्या डाव्या हाताला पोचेल असं ठेवून आले. पेनही सुपूर्द केल्यात धरावं.